कालवडीची लस

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, सातपुडा पर्वत आणि तापी नदी यांच्या मधल्या काळ्याभोर जमिनीच्या पट्ट्यात रावेर तालुका वसलेला आहे. हा मुलूख केळीच्या बागांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर केळीची रुंद, हिरवी पाने वाऱ्यावर डोलताना दिसतात. परंतु या बागांच्या आडोशाला, शेताच्या बांधाजवळ किंवा घराच्या परसात आणखी एक संपत्ती नांदत असते. ती म्हणजे शेतकऱ्याची गुरे. दोन-चार एकर जमीन, एक बैलजोडी, एखादी दुभती गाय आणि तिच्या शेजारी दावणीला बांधलेली एखादी कालवड, एवढाच येथील कित्येक लहान शेतकऱ्यांचा संसार असतो.

कालवड म्हणजे जी अजून व्यालेली नाही अशी तरुण गाय. ती दूध देत नाही आणि नांगरालाही जुंपली जात नाही. आपल्या देशी गाईंची कालवड पहिल्यांदा विते, तेव्हा बहुधा तिचे तिसरे वर्ष उलटून गेलेले असते. तोपर्यंत शेतकऱ्याला तिच्यापुढे ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप टाकावी लागते; तिचे पाणी, तिची निगा, तिचे आजारपण सारे पाहावे लागते. घरातील म्हातारी गाय आटत चालली, म्हणजे पुढे घरात दूध येणार ते या कालवडीमुळेच, हे त्याला ठाऊक असते. कालवड ही त्याची उद्याची गाय होय. म्हणूनच ती दगावली, तर एका जनावराबरोबर त्या घराची तीन वर्षांची मेहनत आणि पुढील कित्येक वर्षांचे दूधही जाते.

असा घाला एकाच वेळी अनेक गोठ्यांवर पडण्याचा प्रसंग २०२२ साली आला. त्या वर्षी ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेला रावेर तालुक्यातील चिनावल या गावी गुरांमध्ये एक रोग आढळला. लम्पी चर्मरोग हे त्याचे नाव. त्या वर्षी महाराष्ट्रात जी मोठी साथ आली, तिची पहिली नोंद याच गावी झाली. त्यापूर्वीच गुजरात आणि राजस्थान या राज्यांत या रोगाने हाहाकार उडवून दिला होता. पावसाळ्याचे दिवस होते. गोठ्यांत ओल होती, डास व माश्या माजल्या होत्या आणि पोळ्याचा सण जवळ आला होता.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. विषाणू इतका सूक्ष्म असतो, की शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. रोगाची लागण झाली, म्हणजे जनावराला प्रथम ताप भरतो. डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागते. चारा खाणे कमी होते. मग मान, पाठ, पाय आणि कास यांवर कातडीखाली गोल, घट्ट गाठी उठतात. कोणाच्या पायांना सूज येऊन चालणे कठीण होते. दुभत्या गाईचे दूध एकदम कमी होते. पुष्कळ जनावरे योग्य उपचारांनी बरी होतात. परंतु काही दगावतात, आणि त्यांत लहान वासरांना धोका अधिक असतो. २०२२ सालच्या साथीत भारतात दीड लाखांहून अधिक गुरे मृत्युमुखी पडली.

लम्पी चर्मरोग जगात प्रथम आढळला तो १९२९ साली, आफ्रिकेतील आजच्या झांबिया या देशात. त्या वेळी लोकांना त्याचे कारण उमगले नाही. गुरांनी एखादी विषारी वनस्पती खाल्ली असावी किंवा त्यांना कीटक चावल्यामुळे अंगावर गाठी उठल्या असाव्यात, असा तर्क करण्यात आला. हा रोग एका जनावरापासून दुसऱ्याला होतो, हे पुढे कित्येक वर्षांनी सिद्ध झाले. कीटकांचा तर्क मात्र अगदीच चुकीचा नव्हता. कीटक स्वतः रोग उत्पन्न करीत नाहीत. ते रोगाचे विषाणू वाहून नेतात. रोगी जनावराला चावलेली गोमाशी, डास किंवा गोचीड निरोगी जनावराला चावते आणि रोग एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर जातो. माणसाला हा रोग होत नाही. भारतात तो पहिल्यांदा २०१९ साली ओडिशा राज्यात आढळला.

रोग विषाणूचा असला, म्हणजे एक मोठी अडचण उभी राहते. जखम झाली तर मलम लावता येते, ताप चढला तर तो उतरवणारे औषध देता येते. परंतु शरीरात शिरलेल्या या विषाणूलाच नेमके गाठून मारील, असे औषध पशुवैद्यांजवळ नाही. त्याला जिंकायचे असते ते जनावराच्या शरीरानेच. मग शरीराला ही लढाई आधीच शिकवून ठेवता आली तर? याच विचारातून लसीचा जन्म झाला आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी गाईकडेच जाते.

अठराव्या शतकात देवीच्या रोगाने माणसांत अनर्थ मांडला होता. इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नर या डॉक्टरच्या कानी खेड्यातील एक समजूत आली. गाईंच्या कासेवर सौम्य प्रकारच्या देवी येत. दूध काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांना त्यांचा संसर्ग होई आणि एकदा तसे झाले, की त्या स्त्रियांना माणसांच्या भयंकर देवी होत नसत, अशी ती समजूत होती. जेन्नरने ती पडताळून पाहण्याचे ठरविले. १७९६ सालच्या मे महिन्यात त्याने एका गवळणीच्या हातावरील फोडातला द्रव घेऊन तो जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचला. पुढे त्या मुलाच्या अंगात खऱ्या देवीचा द्रव टोचला, तरी त्याला देवी आल्या नाहीत. फोडातून पाझरणाऱ्या अशा पाण्यासारख्या द्रवाला मराठीत लस म्हणतात. इंग्रजी भाषेत लसीला जो शब्द आहे, तो गाय या अर्थाच्या ‘व्हॅका’ या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. ही विद्या लवकरच भारतातही पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतात यशस्वीपणे लस टोचली गेलेली ती पहिली व्यक्ती मानली जाते. पुढे या लसीच्याच बळावर देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि १९८० साली तसे जाहीर करण्यात आले.

गाईच्या सौम्य रोगाने माणसाचे भयंकर रोगापासून रक्षण केले. जवळजवळ सव्वादोनशे वर्षांनी, जेव्हा गाईवरच संकट आले, तेव्हा तीच युक्ती उपयोगी पडली. मात्र या वेळी साहाय्याला धावली ती शेळी. लम्पी चर्मरोगाचा विषाणू आणि शेळ्यांना होणाऱ्या देवीचा विषाणू हे एकाच कुळातील जवळचे भाऊबंद आहेत. शेळ्यांच्या देवीवरील लस भारतात आधीपासूनच तयार होत होती. एका भावाची ओळख पटली, तर दुसराही ओळखता येतो, या न्यायाने तीच लस २०२२ साली गाईबैलांना टोचण्यात आली.

आता ही लस शरीरात गेल्यावर काय घडते, ते पाहू. लसीमध्ये जिवंत परंतु दुर्बळ केलेले विषाणू असतात. रोग उत्पन्न करण्याचे त्यांचे बळ काढून घेतलेले असते. त्यांचे रूप मात्र तसेच राहते. रक्तातील पांढऱ्या पेशी या परक्या पाहुण्याला हटकतात. त्याच्या रूपाशी नेमकी जुळतील अशी प्रतिपिंडे नावाची द्रव्ये शरीर तयार करू लागते. ही प्रतिपिंडे विषाणूला चिकटून त्याला निकामी करतात. काही पेशी तर शत्रूची ही ओळख दीर्घकाळ आठवणीत ठेवतात. पुढे खरा विषाणू शरीरात शिरला, की त्याला ओळखायला वेळ लागत नाही आणि शरीर त्याच्यावर त्वरेने तुटून पडते.

परंतु हे शिक्षण एका दिवसात पुरे होत नाही. लस टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. लसीविषयी लक्षात ठेवण्याजोगी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. औषध रोग्यासाठी असते, तर लस निरोग्यासाठी असते. शेजारच्या गोठ्यात रोग आल्यावर धावाधाव करणाऱ्याच्या हातात हे तीन आठवडे राहतातच असे नाही. आग लागल्यावर विहीर खणायला घेणाऱ्याची जी गत होते, तीच त्याची होते.

याच कारणामुळे लसीवर कधी कधी विनाकारण ठपका येतो. रोगाचा विषाणू शरीरात शिरला, तरी लक्षणे दिसू लागेपर्यंत काही दिवस, कधी तीन-चार आठवडेही जातात. त्या काळात जनावर वरून धडधाकट दिसते. अशा जनावराला लस टोचली आणि पाठोपाठ त्याच्या अंगावर गाठी उठल्या, तर लसीनेच रोग झाला, असे मालकाला वाटते. वस्तुतः रोग आधीच आलेला असतो आणि लसीला यायला उशीर झालेला असतो. लस टोचल्यावर एखाद-दुसरा दिवस अंग किंचित तापते, टोचलेल्या जागी थोडी सूज येते, हे मात्र खरे. ते शरीराच्या शिकण्याचेच चिन्ह आहे. तीन वर्षे जिवापाड जपलेल्या निरोगी कालवडीला सुई टोचून घ्यायची, तिला थोडा त्रास होऊ द्यायचा आणि तोही न दिसणाऱ्या संकटासाठी, या गोष्टीला मनाची तयारी लागते. शेतकऱ्याची शंका रागाने दूर होत नाही; कारण नीट समजावून सांगितले, म्हणजे ती दूर होते.

चिनावलला रोग आढळल्यानंतर पशुसंवर्धन खात्याचे काम तातडीने सुरू झाले. ज्या गावी रोगी जनावर सापडे, त्याच्या भोवतालच्या पाच किलोमीटर अंतरातील निरोगी गुरांना प्रथम लस टोचावयाची, असे धोरण ठरले. गवताला आग लागली असता पुढचे गवत आधीच कापून मोकळा पट्टा करतात, तसाच हा उपाय होता. राज्यात गुरांचे बाजार बंद करण्यात आले आणि त्यांची ने-आण थांबविण्यात आली. पुढे लसीकरण सर्व राज्यभर करण्यात आले. २०१९ सालच्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गाईबैल होते. एवढ्या मोठ्या संख्येच्या गुरांपर्यंत गावोगावी जाऊन पोचणे, हे काम सोपे नव्हते. ज्यांची गुरे दगावली, त्यांना शासनाने दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० रुपये आणि वासरामागे १६,००० रुपये साहाय्य देऊ केले. पैशाने गोठ्यातली रिकामी जागा काही अंशी भरून निघते. पण गेलेले जनावर काही परत येत नाही.

लस गोठ्यापर्यंत येते, तो प्रवासही मोठा नाजूक असतो. या लसीची कोरडी पूड बाटलीत बंद असते. तिच्यातील दुर्बळ विषाणू उष्णतेने मरून जातात आणि मेलेल्या विषाणूंची ही लस निरुपयोगी ठरते. म्हणून कारखान्यातून निघाल्यापासून दावणीपर्यंत ती २ ते ८ अंश सेल्सिअस एवढ्या थंडाव्यात ठेवावी लागते. खानदेशात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा मुलखात बर्फाची पेटी खांद्याला लावून गावोगाव फिरणे, ही एक जोखीमच असते. पेटीतला बर्फ वितळला, तर सारी मेहनत पाण्यात जाते. पूड द्रवात मिसळल्यावर तर ती थोड्याच तासांत वापरून संपवावी लागते. यासाठी सकाळच्या थंड वेळी, गुरे चरायला सोडण्यापूर्वीच लस टोचणे सोयीचे पडते.

प्रत्यक्ष टोचण्याचे काम मात्र एका मिनिटाचे असते. घरचा ओळखीचा माणूस कालवडीच्या मोरकीला धरून तिला गोंजारत उभा राहतो. कारण परका माणूस दिसला, की ती बुजते. पशुवैद्य आधी तिला ताप नाही ना, ती नीट खाते-पिते ना, हे पाहतो. मग मानेवरची सैल कातडी चिमटीत धरून तो कातडीखाली एक मिलिलिटर लस टोचतो. एका जनावराला वापरलेली सुई दुसऱ्याला वापरावयाची नसते. नाहीतर गोचीड करते तेच काम सुई करू लागेल! कालवडीच्या कानात बारा अंकांचा पिवळा बिल्ला असतो. त्या क्रमांकापुढे लसीची नोंद केली जाते. त्यानंतर एक-दोन दिवस तिला सावलीत ठेवावे, स्वच्छ पाणी आणि हिरवा चारा द्यावा. बैलाला लस टोचली असेल, तर काही दिवस त्याला कामाला जुंपू नये.

लस टोचली, की गोठ्याकडे दुर्लक्ष करून चालेल, असे मात्र नाही. शरीर शिकत असते, त्या तीन आठवड्यांत कीटकांना दूर ठेवणे विशेष अगत्याचे असते. गोठा कोरडा ठेवावा. शेण-मूत्र रोजच्या रोज काढून उकिरडा गोठ्यापासून दूर न्यावा. साचलेले पाणी वाहून जाऊ द्यावे. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा आणि गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा. रोगी जनावर वेगळे बांधावे; त्याचे चारा-पाणीही वेगळे ठेवावे.

लम्पी हा काही कालवडीचा एकटाच शत्रू नव्हे. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या हे रोगही शेतकऱ्यांच्या जुन्या ओळखीचे आहेत. पावसाळ्यात घटसर्प व फऱ्या यांचा जोर असतो. म्हणून त्यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी देतात. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा द्यावी लागते. सांसर्गिक गर्भपाताच्या रोगावरची लस तर केवळ चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, आणि तीही जन्मात एकदाच देतात. पुढे गाभण राहिल्यावर ती देता येत नाही; कारण त्या वेळी तीच गर्भाला अपाय करू शकते. लहानपणी चुकलेली ही संधी कालवडीला पुन्हा मिळत नाही.

मग जन्मल्याबरोबरच सर्व लसी टोचून का टाकत नाहीत? याचे उत्तर गाईच्या चिकात आहे. व्यालेल्या गाईचे पहिले घट्ट दूध म्हणजे चीक. ज्या गाईला लस दिलेली असते, तिने तयार केलेली प्रतिपिंडे चिकातून वासराच्या पोटात जातात आणि त्याचे काही महिने रक्षण करतात. परंतु हीच प्रतिपिंडे लसीतील विषाणूंनाही निकामी करतात. आईचे छत्र डोक्यावर असेपर्यंत लेकराला स्वतः लढायला शिकण्याचे कारण पडत नाही! ते छत्र विरत आले, म्हणजे चौथ्या महिन्याच्या सुमारास, वासराला स्वतःची लस द्यावी लागते. आईला लस दिलेलीच नसेल, तर वासराला हे छत्र मिळत नाही, आणि त्याला किती लवकर लस द्यावयाची ते पशुवैद्य ठरवतो. यावरून हेही ध्यानात येईल, की एकदा सगळ्या गावाने लस टोचून घेतली म्हणून काम संपत नाही. दर वर्षी नवी वासरे जन्माला येतात आणि मोठ्या जनावरांची शक्तीही हळूहळू ओसरते. लम्पीची लस म्हणूनच दर वर्षी द्यावी लागते.

हे काम सतत चालू ठेवले, तर काय साध्य होते, याचे एक थोर उदाहरण आपल्यापुढे आहे. बुळकांड्या नावाच्या रोगाने एके काळी गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत. अशा रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. बुळकांड्याची लस याच संस्थेत शेळ्यांच्या साहाय्याने १९२७ च्या सुमारास सिद्ध झाली. १९५४ साली भारताने या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडली. टोचणाऱ्यांच्या तुकड्या बैलगाडीने, पायी, जसे जमेल तसे खेडोपाडी जात राहिल्या. शेवटी २०११ साली बुळकांड्या जगातून समूळ नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसरा रोग होय. आजच्या मुलांनी त्याचे नावही ऐकलेले नसते, यापेक्षा त्या लसीचा मोठा विजय कोणता?

हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्याच संशोधन संस्थेच्या सहकार्याने लम्पीच्याच विषाणूपासून एक स्वदेशी लस तयार केली आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे चिनावलच्या नोंदीनंतर अवघ्या सहा दिवसांनी, ती देशापुढे ठेवली. तिच्या निर्मितीची विद्या त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यातील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला. पुण्यातून निघालेले ज्ञानाचे बीज असे पुन्हा पुण्याकडे वळले.

कालवडीला बोलता येत नाही. आपल्याला काय होते आहे, हे ती सांगू शकत नाही आणि पुढे काय होणार आहे, हे तिला कळत नाही. ते आधीच ओळखणे हे तिच्या धन्याचे काम आहे. आणि जो आपली कालवड राखतो, तो शेजाऱ्याचीही राखतो. कारण जी गाय रोगी पडत नाही, तिच्यापासून दुसऱ्या गाईला रोग होत नाही. गावातील बहुतेक दावणी अशा सुरक्षित झाल्या, म्हणजे रोगाला पुढे जायला वाट उरत नाही. शेताला कुंपण घालताना प्रत्येक जण आपापल्यापुरते पाहतो. लसीचे कुंपण मात्र साऱ्या गावाला मिळून घालावे लागते आणि ते संकट येण्यापूर्वीच घालावे लागते.